दोल्स्वेची पालखी

थाक मानसोकला बाप गेल्याचं दुःख करायला सवड अशी मिळालीच नव्हती. तो सकाळपासून रडत होता हे खरं, पण ते रडणं वेगळं. मयताच्या घरी पाहुणा फाटकातून आत आला, की थोरल्या मुलानं बांबूच्या काठीवर भार टाकून ‘आयगो, आयगो’ असा आक्रोश करायचा. पाहुणा शवपेटीपुढच्या पडद्याला नमस्कार करून रश्श्याच्या वाडग्याकडे वळला, की थांबायचं. चिन्जू गावाच्या आसपासचे यच्चयावत खाटीक लोटले होते, त्यामुळे मानसोकला उसंत नव्हती. घरातलं भांडणही थांबण्यासारखं नव्हतं. म्हणून ते रडण्याच्या फटींतून चाललं होतं.

“काय ते एकदा सांगून टाक, दादा,” बुनी म्हणाली. “उद्या न्यायचंय बाबांना. फळीवरून की पालखीतून?”

“मी कुठं पालखीला नाही म्हणतोय?”

“हो पण नाही म्हणत.”

तेवढ्यात फाटक करकरलं. “आयगो,” मानसोक म्हणाला, आणि या वेळी ते अगदी आतून आलं.

बुनी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर पुसानला रेशमाच्या गिरणीत कामाला राहिली आणि तिथून उभं राहून बोलायची सवय घेऊन आली. तिच्यासमोर, अंगणातल्या चटईवर, काप्दोल काका बसले होते. काका म्हणजे गेलेल्या बापाचे, दोल्स्वेचे, धाकटे भाऊ. ते वाडग्यात बघत बोलत असत. आयुष्यभर समोरच्याच्या तोंडाकडे बघायची बंदी असली की माणसाला वाडगा बरा वाटतो.

“खाटकाचं मयत फळीवरून जातं,” काका वाडग्याला म्हणाले. “नदीकाठानं जातं. माझा बाप गेला तसाच, त्याचा बापही. आणि सगळे पोचले.”

“कुठं पोचले?”

“पोचले ना. परत कोण आलं का तक्रार करायला?”

मयताची पालखी गावच्या मालकीची होती. रंगीत दांडे, वर छत, छताला कागदी फुलं, पुढे घंटा वाजवत गाणारा एक म्होरक्या. शेतकरी मेला की त्याला मिळायची, सुताराला मिळायची, बायकोला मारून आणि शेजाऱ्याला बुडवून मेलेल्या दारुड्यालाही मिळायची. खाटकाला मिळत नसे. तीस वर्षांपूर्वी राजानं कायदा करून खाटकांना माणूस ठरवलं होतं. पुढे राजा गेला, राज्य गेलं, जपानी आले. पण कायदा होता तो होताच, आणि गावही होतं ते होतंच, आणि दोघांची गाठ काही पडली नव्हती.

गेल्या महिन्यात खाटकांनी त्यांची गाठ घालून द्यायचं ठरवलं. सभा भरवली. आमच्या पोरांना शाळेत घ्या, आमच्या म्हाताऱ्यांना तुमच्या पोरांनी अरे-तुरे करू नये, असं जाहीर केलं, आणि दुकानातला तराजू हीच सभेची खूण ठरवली. गाव खवळलं. शेतकऱ्यांनी बैलाचं मुंडकं काठीवर लावून मिरवणूक काढली आणि सभा मोडेपर्यंत खाटकाकडचं मांस खाणार नाही अशी शपथ घेतली. सर्वांत कडक शपथ त्यांनी घेतली, ज्यांच्या घरी नाहीतरी वर्षातून एकदाच मांस शिजायचं. ज्यांच्या घरी रोज शिजायचं, त्यांनी शपथ घेताना आवाज जरा खाली ठेवला. जपानी फौजदार दोन्हीकडच्यांना म्हणाला, तुमचं तुम्ही बघा, कुणी मेलं तर तेवढं कळवा.

तेव्हापासून मानसोकचं दुकान बंद होतं, आणि घरात बैलाच्या मांसाचा लालभडक रस्सा मात्र मोठ्या कढईत रटरटत होता, कारण मयताला आलेल्या माणसाला तो द्यायचाच असतो. वारा गावाच्या दिशेनं होता. बुनीनं चूल मुद्दाम फाटकाजवळ मांडली होती.

“पालखी मागितली तर दगड येतील,” काका म्हणाले. “मी जळलेलं घर पाहिलंय, पोरी. तू तेव्हा पाळण्यात होतीस.”

“पाळणा होता का आपल्याकडे?”

“टोपली होती. पण तू होतीस.”

ते जळलेलं घर मानसोकनंही पाहिलं होतं. कायदा आला त्या साली कचेरीतल्या कारकुनानं चौकात तो वाचून दाखवला, आणि दोल्स्वेचा त्याच्यावर विश्वास बसला. खाटकाची बांबूची टोपलीसारखी टोपी टाकून, घोड्याच्या केसांची काळी टोपी डोक्यावर चढवून, सभ्य माणसांसारखा तो बाजारातून निघाला. कापडवाल्याच्या दुकानापर्यंत पोचला. तिथून पुढे त्याला उचलून आणावं लागलं. टोपी आणण्यासारखी राहिली नव्हती. संध्याकाळी घर पेटलं. त्या दिवसाबद्दल दोल्स्वे नंतर एक शब्द बोलला नाही.

एकदा बोलला. मानसोकच्या घशात जे तीन दिवस अडकून होतं ते हेच. ताप चढलेला होता, घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा डोळे मिटूनच म्हणाला, “मला बाजारातून ने. कापडवाल्याच्या पुढचा बाजार मी कधी मान वर करून पाहिला नाही.” मेलेल्या माणसाला बाजार दिसणार कसा, हे मानसोकनं विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं आता त्याला वाटत होतं. कदाचित म्हाताऱ्यानं विचार बदलला असता. त्याऐवजी तो “बरं” म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी बाप गेल्यामुळे त्या ‘बरं’ला हात लावायची सोय उरली नाही.

हे बुनीला सांगितलं असतं तर तिनं त्याची घोषणा केली असती. काकांना सांगितलं असतं तर शवपेट्या दोन लागल्या असत्या. बायकोला, हाप्छन गावाहून आलेल्या हाप्छनकरणीला सांगितलं असतं तर तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं असतं, आणि त्याला ते सर्वांत जड गेलं असतं. म्हणून तो रडत राहिला. रडणाऱ्या माणसाला कुणी फार खोलात जाऊन विचारत नाही.

दुपार कलली तेव्हा मागच्या दारानं कारभारी मो आला.

मागच्या दारानं येणाऱ्यासाठी रडायचं की नाही, याबद्दल रीत काही सांगत नाही. मानसोकनं अर्धं रडून ठेवलं.

“पुरे, पुरे,” मो म्हणाला. “मी आलोच नाहीये.”

मो हा प्यॉन चिनसांचा कारभारी. चिनसा ही पदवी. जुन्या राज्यात परीक्षा दिली की मिळायची. परीक्षा बंद पडून तीस वर्षं झाली होती, पण पदवीला ते कुणी कळवलं नव्हतं. मांस न खाण्याची शपथ गावाला चिनसांनीच घातली होती. मुंडक्याच्या मिरवणुकीत ते स्वतः नव्हते, मुंडकं मात्र त्यांच्या गोठ्यातलं होतं.

“परवा आमच्या मोठ्या मालकांचं श्राद्ध आहे,” मो म्हणाला. तो मानसोकहून दहा वर्षांनी लहान होता. “अख्खं घराणं येणार. तू समजून घे.”

“काय समजून घेऊ?” मानसोकनं विचारलं.

“श्राद्धाच्या पानावर बैलाचं मांस लागतं. रस्सा लागतो, सळईवरचे तुकडे लागतात. नसेल तर पितर उपाशी परत जायचे. आता मला सांग, पितरांनी कुठं शपथ घेतलीय?”

“पितरांना कोंबडी चालत नाही का?” बुनीनं विचारलं.

“चालते. पाहुण्यांना चालत नाही.” मोनं तिच्याकडे निरखून पाहिलं. “ही कोण?”

“बहीण. पुसानला गिरणीत होती.”

“तरीच.” तो मानसोककडे वळला. “मालकांच्या कानावर आलंय की तुम्हाला पालखी हवीय.”

अंगणातले वाडगे गप्प झाले. मानसोक जागच्या जागी काठी फिरवू लागला. पालखी हवी आहे हे त्यानं अजून घरातसुद्धा धड कबूल केलं नव्हतं, आणि चिनसांच्या कानावर ते गेलंही होतं.

“मालक म्हणतात, घेऊन जा,” मो म्हणाला. “मालक मनानं मोठे आहेत. एक मांडी, बरगड्या आणि रश्श्याची हाडं तेवढी पहाटे मागच्या दारानं पोचती कर, धुण्याच्या टोपलीत, वर कपडे घालून. पालखी आज संध्याकाळी येईल. फक्त नदीकाठानं न्यायची. घंटा नाही. छत आणि फुलं नाहीत. कुणी विचारलंच तर मालक म्हणतील, पालखी दुरुस्तीला दिली होती.”

“आणि मांसाबद्दल विचारलं तर?” बुनी म्हणाली. “ते कशाला आलं होतं म्हणतील, कपडे धुवायला?”

“तुझ्या बहिणीला जरा आवर.”

“कारभारी, तुमचे वडील कशातून गेले हो?” बुनीनं अगदी आदरानं विचारलं.

मोनं दाराकडे पाहिलं. त्याचा बाप प्यॉनांच्या घरचा गुलाम होता हे चिन्जूत सगळ्यांना ठाऊक होतं. ज्या कायद्यानं खाटीक माणसं झाले, त्याच कायद्यानं, त्याच सकाळी, मोचा बाप मोकळा झाला होता. आणि मोकळा होऊन त्याच दारात कारभार करत राहिला होता.

“पालखीतूनच गेले,” मो शेवटी म्हणाला. “मालकांनी दिली होती.”

“म्हणजे तुम्हाला दिली, आणि आम्हाला विकताय.”

“बुने,” मानसोक म्हणाला.

“दादा, मांस मागच्या दारानं जातं ते मी समजू शकते. बाबा पण मागच्या दारानं जाणार?”

काकांनी वाडगा खाली ठेवला. ही फार मोठी गोष्ट होती. “पोरी, पालखी ती पालखी,” ते म्हणाले. “आपल्या सात पिढ्यांत कुणाला मिळाली? नदीकाठ काय वाईट आहे? गार वारा असतो.”

“मेलेल्याला गार वारा कशाला?”

“उचलणाऱ्यांना लागतो.”

सगळे मानसोककडे बघू लागले. रीतीप्रमाणे शेवटचा शब्द थोरल्या मुलाचा, आणि थोरल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच रीत म्हणजे काय जाच आहे ते कळलं. फाटकाकडे त्यानं आशेनं पाहिलं. पाहुणा येईना.

“नदीकाठानं,” तो म्हणाला.

मो आला तसा मागून गेला. बुनी चुलीपाशी जाऊन बसली आणि तिनं पळी कढईत अशी आपटली, की जवळचे दोन पाहुणे उठून लांब जाऊन जेवायला बसले. मानसोक बायकोजवळ गेला. हाप्छनकरीण भाताचे वाडगे पुसत होती.

“तुला काय वाटतं?”

“तुम्ही सांगितलंत ना नदीकाठानं.”

“हो, पण तुला काय वाटतं?”

“मला विचारायचं होतं तर आधी विचारायचं, अहो,” ती म्हणाली. “आता वन्संचं बरोबर आहे म्हटलं तर तुमचा अपमान, आणि तुमचं बरोबर आहे म्हटलं तर मामंजींचा.” आणि पुसलेलाच वाडगा पुन्हा पुसायला घेतला.

संध्याकाळी पालखी आली. आणणारे गडी ती फाटकाबाहेर टेकवून, मागे न बघता निघून गेले. लांबलचक दोन दांडे, आडवे बांबू, दोरखंड आणि मधे पेटी ठेवायची चौकट. छत काढलेलं, फुलं काढलेली. छताचे चार खांब तेवढे उभे होते, आणि त्यामुळे ती एखाद्या पडक्या मांडवासारखी दिसत होती. खाटकांच्या वस्तीतली झाडून सगळी माणसं भोवती गोळा झाली. कुणी तिला हात लावेना. मग एकानं लावला, काही झालं नाही, तेव्हा सगळ्यांनी लावला.

“उद्या ऐन वेळी घोटाळा नको,” मानसोक म्हणाला. “आत्ताच उचलून बघू. पेटीच्या जागी तांदळाची पोती ठेवा.”

पोती ठेवली. तगडे गडी दोन्ही बाजूंनी उभे राहिले. बैल आडवा करणारी माणसं ती. दोन पोत्यांचं त्यांना काय. काका सर्वांत वडील म्हणून पुढे म्होरक्या झाले.

“आता?” एकजण म्हणाला.

“आता उचला.”

“कोणता पाय पुढे?”

काकांनी मानसोककडे पाहिलं, मानसोकनं काकांकडे.

“आणि डोकं पुढे की पाय?” दुसऱ्यानं विचारलं. “पोत्याचं नाही, काकांचं. आपल्या मोठ्या काकांचं.”

“एवढ्या पालख्या गेल्या रस्त्यानं,” बुनी चुलीपासून म्हणाली. त्या दिवसातलं मानसोकच्या दिशेनं आलेलं तिचं ते पहिलंच वाक्य. “एकानंही पाहिली नाही?”

“पाहणार कशी?” काका म्हणाले. “पालखी येताना दिसली की आपण नाल्यात उतरून तोंड मातीकडे करून बसायचं. माझ्या बापानं माझी मान धरून ठेवलेली मला आठवते. ऐकल्यात पुष्कळ. पाहिली एकही नाही.”

मग ज्यानं त्यानं आपापल्या समजुतीनं उचलली. पुढची बाजू आधी वर गेली, पोती मागे घसरली, मागच्यांनी ती सावरायला दांडा उंचावला तशी पोती पुढे आली. डावीकडचे डाव्या पायानं निघाले, उजवीकडचे उजव्या. पालखी आपल्याभोवती एक गिरकी घेऊन डुकरांच्या खोपट्यावर जाऊन बसली. डुकरं बाहेर पडली. पाचशे वर्षं ज्या गोष्टीची बंदी होती ती गोष्ट आपल्याला येतच नाही, हे त्या वस्तीला त्या संध्याकाळी एकदमच कळलं. आधी कुणी हसलं नाही. मग हाप्छनकरीण हसली, आणि मग डुकरं धरून आणणारेसुद्धा हसू लागले.

मानसोक तेवढा हसला नाही. नदीकाठानं न्यायचं कबूल करून आपण निदान एक प्रश्न मिटवला, असं त्याला वाटत होतं. आता नदीकाठानंही नेता येईल असं दिसेना.

“काका, काहीतरी म्हणा,” तो म्हणाला. “म्होरक्या गातो ना. त्या ठेक्यावर पावलं पडतात.”

“मला त्यांचं गाणं कुठं येतं?”

“येतं ते म्हणा.”

काकांना एकच गाणं येत होतं. वस्तीतल्या प्रत्येकाला तेच येत होतं. बैलाला शेवटच्या वाटेनं नेताना त्याच्या कानाशी म्हणायचं ते. बैल आभाळाचा असतो, त्याला परत आभाळात पाठवायचं, आणि ते पाठवणं फक्त आपल्यालाच येतं, असं खाटीक पिढ्यान् पिढ्या मानत आले होते. काका घुटमळले, आणि मग खाली मान घालून, हलक्या आवाजात त्यांनी सुरुवात केली:

“चल रे राजा, वाट मऊ, मागं वळून नको पाहू…”

“नको पाहू,” दांड्यांखालून सगळे एकदम म्हणाले, आणि सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला.

पालखी अंगणाला एक वेढा घालून आली. पोती जागची हलली नाहीत.

“बैलाचं गाणं बाबांना?” मानसोक पुटपुटला.

“बैल पोचतात,” काका म्हणाले. “निदान आपण त्यांना तसं सांगत तरी आलोय.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता धुण्याची टोपली प्यॉनांच्या मागच्या दाराशी पोचती झाली. परत आल्यावर मानसोकनं पाहिलं तर हाप्छनकरीण एका ओंडक्यावर चढून पालखीच्या चार खांबांना काहीतरी बांधत होती. घरातली गाठोडी बांधायची फडकी; लाल, निळी, पिवळी, ठिगळं जोडून केलेली. बाकीच्या बायकाही आपापल्या घरून आणत होत्या. बुनी खालून टाचण्या देत होती.

“छत नको म्हणालेत ते,” मानसोक म्हणाला.

“मी काही बंड करत नाहीये,” हाप्छनकरीण म्हणाली. “ऊन लागेल म्हणून बांधतेय.”

“कुणाला लागेल?”

तिनं फक्त त्याच्याकडे पाहिलं.

पेटी बाहेर काढली. रीतीप्रमाणे उंबऱ्याशी भोपळा फोडला, पेटी चौकटीत बसवली, दोरखंड आवळले. काकांनी सुरुवात केली आणि पालखी फाटकाबाहेर पडली. मागून मानसोक काठी टेकत, खाली बघत. बापामागे मुलानं मान वर करायची नसते. त्याच्या मागे वस्ती. गल्ली संपली तिथे रस्ता फुटत होता. डावीकडे नदीकाठ, उजवीकडे बाजार. दोन्ही वाटा पुढे त्याच टेकडीला जाऊन मिळत. वळणावर, डाव्या बाजूला, वाट दाखवायला उभा असल्यासारखा कारभारी मो उभा होता.

फडक्यांचं छत बघून त्याचा चेहरा आंबट झाला. पण इथं आवाज चढवायची सोय नव्हती. बाजारात लोक जमले होते, ते तिथून दिसत होते.

काका डावीकडे वळू लागले.

“थांबा,” मानसोक म्हणाला.

पालखी थांबली. काकांनी मागे वळून पाहिलं.

“उजवीकडे,” मानसोक जमिनीकडे बघत म्हणाला.

“काय?”

“बाजारातून न्यायचं. बाबांनी सांगितलंय.”

“कधी सांगितलं?”

“जायच्या आदल्या दिवशी.”

“आणि तू हे आत्ता सांगतोस?”

“वळण आत्ता आलं, काका.”

बुनी गर्दीतून पुढे आली. तिच्या तोंडावर आधी राग आला, मग काय आलं ते मानसोकला दिसलं नाही, कारण तो तिच्या पायांकडेच बघत होता. “तीन दिवस,” ती म्हणाली. “तीन दिवस मी भांडत होते, आणि तुझ्याकडे हे होतं?”

“होतं.”

“मग भांडू का दिलंस?”

“वाटलं, तू हरशील.”

मो एव्हाना धावत आला होता. “नदीकाठानं ठरलं होतं,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “मांडीच्या आणि बरगड्यांच्या बदल्यात.”

“ठरलं होतं खरं,” मानसोकनं कबूल केलं. “आमचं मांस खायचं नाही, हेही तुमचं ठरलं होतं.”

“मी आरडाओरडा करीन.”

“करा की. काय म्हणून कराल?”

मोनं तोंड उघडलं, आणि काय म्हणून करायचा ते मनाशी जुळवून बघितलं. पहिल्या वाक्यापाशीच तो अडला. तोंड मिटून तो पालखीला वळसा घालून बाजाराच्या दिशेनं पळत सुटला.

आता दांड्याखालची माणसं काकांकडे बघत होती. म्होरक्या हलल्याशिवाय पालखी हलत नाही. काका उभेच होते. त्यांचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मानसोकला पहिल्यांदाच जाणवलं की आपण जळलेलं घर पाहिलं ते पोर असताना, दुसऱ्या दिवशी; काकांनी ते जळताना पाहिलं होतं.

“काका, तुम्ही मागे व्हा,” तो म्हणाला. “मी दुसऱ्या कुणाला…”

“दुसऱ्या कुणाला सगळी कडवी येतात?” काका म्हणाले, आणि उजवीकडे वळले. “चल रे राजा, वाट मऊ…”

“मागं वळून नको पाहू.”

बाजारात लोक दोन्ही बाजूंना उभे होते. वैद्याच्या दुकानाबाहेरच्या ओट्यावर प्यॉन चिनसा बसले होते, काळी टोपी, पांढरा झगा, हातात पंखा. गाव त्यांच्या पंख्याकडे बघत होतं. पंखा मिटून त्यांनी पुढे केला असता तर पुरे होतं. मो धापा टाकत त्यांच्या कानाशी लागला. चिनसांनी ऐकून घेतलं. पालखीकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या दिशेनं पाहिलं. तिथल्या धुराड्यातून सकाळपासून एकसारखा धूर निघत होता आणि आता त्याला वासही सुटला होता. बराच वेळ त्यांनी आभाळाचा अंदाज घेतला. मग “आज ऊन फार आहे,” असं वैद्याला म्हणाले आणि उठून दुकानात आत गेले.

गाव हुकमावाचून उभं राहिलं. सवय नसल्यामुळे त्याला पुढचं सुचेना. कुठून तरी एक दगड आला, तो फडक्यांच्या छतावर पडून खाली घरंगळला. काकांचा आवाज तुटला, पुन्हा जोडला गेला. दुसरा मानसोकच्या खांद्याला लागला. त्यानं मान वर केली नाही. खाली त्याला फक्त पावलं दिसत होती, दांड्याखालची, एकदम पडणारी. आणि रस्त्याच्या कडेची, हलणारी, थबकणारी, पुढे येऊन मागे जाणारी. त्या नादात कापडवाल्याचं दुकान कधी मागे पडलं ते त्याला कळलंच नाही. मागून बुनीनं सांगितलं, “दादा, कापडवाला गेला.” तेव्हा त्याला वाटलं, कापडवाल्याला काही झालं.

पुढे रस्ता अरुंद होता. तांदळाची पांढरी दारू विकणाऱ्या एका म्हातारीनं आपला रांजण नेहमीप्रमाणे निम्म्या रस्त्यात मांडला होता. पालखी जाईल एवढी वाट नव्हती. काका थांबले, पालखी थांबली. माणसं जवळ आली. फार जवळ आली.

म्हातारीला कमी दिसत असावं, किंवा तिला शपथा-बिपथांत रस नसावा. ती रंगीत फडक्यांकडे बघत होती.

“कोण गेलं हो?” तिनं विचारलं.

मानसोकला हा प्रश्न आयुष्यात कुणी विचारला नव्हता. आई गेली तेव्हा नाही, स्वतःचा थोरला मुलगा गेला तेव्हाही नाही. खाटकाकडे कोण गेलं हे विचारायची पद्धतच नव्हती. त्यामुळे त्याचं उत्तर कसं देतात तेही त्याला माहीत नव्हतं.

“माझे वडील,” तो म्हणाला. “थाक दोल्स्वे.”

“वय काय होतं?”

“त्र्याहत्तर.”

“मग भरून पावले,” म्हातारी म्हणाली. “पण बाप तो बाप. कितीही पिकला तरी मुलाला लवकरच वाटतं.”

“हो,” मानसोक म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. तीन दिवसांत पहिल्यांदाच, तेही आवाज न करता, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हातारी रांजणाला भिडली. रांजण काठोकाठ भरलेला होता, जागचा हलेना. तिनं सभोवार पाहिलं आणि सर्वांत जवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हाक मारली.

“अरे, बघतोस काय? धर जरा. मयत खोळंबलंय.”

त्याच्या हातात दगड होता. रांजणाला दोन्ही हात लागणार होते, म्हणून त्यानं तो खाली ठेवला.